बदक, संत्रं आणि घुंगरू

बारा-पंधरा वर्षांपूर्वी सीताबर्डीत जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक इंग्रजी पुस्तक सापडलं. वास्तुशास्त्राचं होतं. माझा आणि वास्तुशास्त्राचा संबंध एवढाच, की बुटीबोरीच्या एमआयडीसीत स्टोअरकीपर असताना शेडचे नकाशे मला हाताळावे लागत. तरीही ते घेतलं, कारण आत एका बदकाचा फोटो होता. रस्त्याच्या कडेला बसलेलं, पांढरंशुभ्र, आणि एवढं मोठं की माणूस त्याच्या छातीतल्या दारातून आत जाईल. ते बदक म्हणजे एक दुकान होतं. तिथं बदकं आणि बदकांची अंडी विकायला असत.

पुस्तक होतं रॉबर्ट व्हेंच्युरी, डेनिस स्कॉट ब्राऊन आणि स्टीव्हन आयझेनूर यांचं ‘लर्निंग फ्रॉम लास व्हेगास’. पहिली आवृत्ती १९७२ची. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते आजही वाचावं लागतं, असं नंतर कळलं. मला ते समजायला दोन उन्हाळे लागले आणि पटेनासं व्हायला आणखी काही. हा लेख त्या न पटण्याचा आहे. त्यातल्या सिद्धान्ताला मी आमच्या वर्धा रोडवर उभं करून पाहिलं, तेव्हा तो कुठं टिकला आणि कुठं अडखळला, ते मांडतो.

सिद्धान्त थोडक्यात असा. रस्त्यावरून जाणाऱ्याला ‘मी अमुक आहे’ हे सांगायचे इमारतीकडे दोन मार्ग असतात. एक, इमारतीनं स्वतःच ती वस्तू व्हायचं. बदक विकणाऱ्यानं बदकाच्या आकाराचं दुकान बांधायचं. दुसरा, साधी चौकोनी शेड उभारायची आणि तिच्यावर किंवा तिच्यापुढं भलीमोठी पाटी लावायची. पहिल्या प्रकाराला लेखकांनी ‘बदक’ म्हटलं, दुसऱ्याला ‘सजवलेली शेड’. त्यांचा कल शेडकडे होता. बड्या वास्तुविशारदांच्या आधुनिक इमारतीसुद्धा न कळत बदकंच झाल्या आहेत, असा टोमणाही त्यांनी मारून घेतला.

मूळ बदकाची हकिकत सिद्धान्तापेक्षा रंजक आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बदकपालनाचा मोठा धंदा होता. मार्टिन मॉरर नावाच्या बदकवाल्यानं १९३१मध्ये ते बांधून घेतलं. सुमारे २० फूट उंच, ३० फूट लांब. लाकडी सांगाड्यावर जाळी, जाळीवर सिमेंट. डोळ्यांच्या जागी फोर्ड मोटारीचे मागचे लाल दिवे. कल्पनाही त्याची नव्हती. कॅलिफोर्नियात कॉफीच्या किटलीच्या आकाराचं कॉफीचं दुकान पाहून त्याला ती सुचली, असं सांगतात. १९६४मध्ये पीटर ब्लेक या समीक्षकानं अमेरिकेच्या विद्रूपीकरणावर पुस्तक लिहिलं, त्यात या बदकाचा फोटो वाईटाचा नमुना म्हणून छापला. व्हेंच्युरी मंडळींनी तोच फोटो उचलून त्याचा सिद्धान्त केला. म्हणजे हे बदक आधी दुकान झालं, मग डोळ्यांत खुपणारा कचरा, मग पाठ्यपुस्तकातली संज्ञा, आणि शेवटी १९९७मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत त्याचं नाव लागलं. छत्तीस वर्षं नोकरी करून आमच्यासारख्यांना एवढ्या बढत्या मिळत नाहीत.

हे एकटंदुकटं नव्हतं. १९२०-३०च्या दशकांत अमेरिकेत मोटार सामान्यांच्या हाती आली आणि रस्त्याकडेच्या दुकानदारापुढं नवा प्रश्न उभा राहिला. गिऱ्हाईक आता पायी येत नव्हतं, ताशी तीस-चाळीस मैलांनी निघून जात होतं. पाटी वाचायच्या आत गाडी पुढं. मग लॉस एंजेलिसात टोपीच्या आकाराचं ‘ब्राऊन डर्बी’ उभं राहिलं (१९२६), पुढं हॉटडॉगच्या आकाराचं ‘टेल ओ’ द पप’ आलं (१९४६). आणि नागपूरकराच्या पोटात कालवाकालव होईल अशी गोष्ट म्हणजे कॅलिफोर्नियाच्या महामार्गांवर घराएवढी संत्री उभी राहिली. गोल, केशरी, पुढं खिडकी, खिडकीतून गार रसाचा ग्लास. फॉन्टाना गावातलं असं १९३६चं संत्रं जपून ठेवलेलं आहे. कॅनडात माँट्रियलला हर्मास गिबो यानं १९४५मध्ये बांधलेलं संत्रं तर इतकं चाललं, की १९६६मध्ये रस्ता रुंद होताना ते मागं सरकवून आणखी मोठं बांधलं गेलं.

तर प्रश्न असा पडतो, की संत्रानगरीत हे का घडलं नाही? २०१४मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चौकात शोभेचं संत्रं, निमंत्रणपत्रिकेवर संत्रं, बर्फीतही संत्रं. पण अमरावती रोडवर कोंढाळीकडे जा की काटोलकडे, संत्र्याच्या पोटात बसून संत्र्याचा रस विकणारा माणूस भेटत नाही. भेटतो तो ढीग. पालाच्या सावलीत मांडलेला, खाली गवत किंवा पोतं, कडेला तराजू.

माझे एक मित्र म्हणतात, आपल्याकडे कल्पकता कमी. मला ते मान्य नाही. ज्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत आणि दरवर्षी नवे बडगे निघतात, तान्ह्या पोळ्याला घराघरात लाकडी बैल रंगतात, तिथं भव्य आकार घडवणाऱ्या हातांची वाण नाही. उत्तर फळातच आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल. नखानं सुटते, फोडी वेगळ्या होतात. चालत्या एसटीत मांडीवर घेऊन खाता येईल असं हे फळ आहे, त्याला यंत्र लागत नाही. शिवाय त्याचा रस काढून ठेवला तर काही वेळानं कडवट होऊ लागतो; रसातलं लिमोनिन नावाचं द्रव्य हळूहळू कडूपणा आणतं. प्रक्रिया उद्योगाची ही जुनी डोकेदुखी. म्हणजे ज्या मालाला दुकानच लागत नाही, त्याला दुकानाचा आकार कुठून येणार? आणि हजारभर खऱ्या संत्र्यांचा ढीग कोवळ्या उन्हात पेटलेला असताना सिमेंटचं एक खोटं संत्रं कशासाठी बांधायचं? ढीग हीच पाटी.

रस्त्याकडेचा आपला खरा नमुना शोधायचा तर संत्र्यापाशी थांबून चालणार नाही. आमच्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात तसा पाहुणा असलेल्या एका पिकाकडे, उसाकडे जावं लागतं. म्हणजे रसवंतीकडे.

या शब्दापाशी क्षणभर थांबतो. रसवंती म्हणजे मुळात वाणी. अमक्याची रसवंती वाहू लागली, असं आपण आजही वक्त्याबद्दल म्हणतो, बहुधा थोडं चिडवतच. वाणीचा हा शब्द उसाच्या रसाच्या दुकानाला कुणी लावला असेल तो माणूस रसिक खरा. पण मला वाटतं, त्यात नुसती शब्दाची कोटी नाही. हे दुकान खरोखरच बोलतं.

फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंतचा मोसम. बांबूचा मांडव, वर हिरवी जाळी किंवा ताटव्या, दोन बाकं, माठ किंवा बर्फाची पेटी, लिंबू, अद्रक, काळं मीठ. मध्यभागी चरक. आणि चरकाला बांधलेले घुंगरू. पाटीवर बऱ्याचदा ‘नवनाथ’ किंवा ‘कानिफनाथ’. याचा उगम पुरंदर तालुक्यात बोपगावच्या कानिफनाथाशी जोडतात. त्या भागातली नाथभक्त मंडळी या धंद्यात उतरली आणि राज्यभर पसरली, देवाचं नाव त्यांच्याबरोबर गेलं. मग ज्यांचा पुरंदरशी संबंध नाही त्यांनीही तेच नाव लावलं, कारण रसाचं दुकान म्हणजे नवनाथ, हे गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसलं होतं. नाव असं आपोआप चिन्ह होतं. परंतु माझा रस नावापेक्षा घुंगरात आहे.

घुंगरू का बांधतात, याच्या दोन-तीन कथा ऐकायला मिळतात. सर्वांत रूढ अशी, की पूर्वी चरक बैल ओढत. बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा. बैल फिरला की माळ वाजे, माळ वाजली की रस निघतोय हे कळे. पुढं हाताचं चाक आलं, मग इंजिन, मग विजेची मोटर. बैल गेले, माळ राहिली. ती चाकाला बांधली गेली.

कथा खरी असो वा मागून रचलेली, घुंगरांचं काम काय आहे ते पाहण्यासारखं आहे. उसाचा रस फार कमी वेळ टिकतो. उघडा ठेवला की हवेनं काळपट पडू लागतो, उन्हाळ्यात लवकर आंबतो. म्हणून या धंद्यात यंत्र मागच्या खोलीत ठेवता येत नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कांडं आत जायला हवं, चिपाड बाहेर पडायला हवं. इथं दुकान आणि यंत्र ही एकच वस्तू आहे. आणि घुंगरू फक्त चरक फिरतो तेव्हाच वाजतो. सकाळचा काढलेला रस गाळणीतून ओतून देणाऱ्याचं घुंगरू मुकं राहतं. पाटीवर ‘ताजा’ लिहायला पैसे पडत नाहीत. घुंगरांना मात्र खोटं बोलता येत नाही.

इथं मला लास व्हेगासच्या पुस्तकाचं अडतं. तिथला रस्ता निव्वळ डोळ्यांचा आहे. त्यांनी वेग मोजला, अंतर मोजलं, अक्षरांची उंची मोजली, पण कान धरलाच नाही. साहजिक आहे. वाळवंटातली हमरस्त्याची पट्टी, बंद गाड्या, रात्रीचे दिवे. आमचा रस्ता वेगळा होता. एसटी थांब्यावर थांबायची, खिडक्या उघड्या असायच्या, आणि दुपारी दोनच्या उन्हात डोळे मिटून बसलेल्या उतारूच्या कानापर्यंत पोचायचं होतं. त्यासाठी बदक कामाचं नाही. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत डोळे उघडून बाहेर कोण बघतो? लाँग आयलंडचं बदक दुकान बंद असतानाही ‘बदक, बदक’ म्हणत राहतं. घुंगरू काम चालू असेल तरच बोलतो. चिन्ह आणि काम यांची एवढी घट्ट सांगड त्या पुस्तकातल्या दोन्ही खान्यांत बसत नाही. रसवंती बदक नाही, कारण तिला उसाचा आकार नाही. सजवलेली शेडही नाही, कारण घुंगरू वरून डकवलेली सजावट नाही, ते फिरत्या चाकाचाच भाग आहेत. तिसरा खाना करावा लागतो. मी त्याला माझ्या वहीत ‘घुंगरू’ एवढंच लिहून ठेवलं आहे. विद्यापीठातल्या कुणी याहून भारदस्त नाव दिलं तर हरकत नाही.

एवढं लिहून मी काही वर्षांपूर्वी थांबलो होतो. लेख कपाटात होता. मग महामार्गांवर बैल परत आले आणि मला माझं म्हणणं पुन्हा तपासावं लागलं.

वाचकांनीही ते पाहिले असतील. पुणे-नगर रस्त्यावर, नाशिककडे, आता आमच्याकडेही. मोठा मांडव, गाड्या लावायला जागा, मधोमध लाकडाचा चरक, जाड उभे रूळ, त्यांना जोडलेली आडवी दांडी आणि दांडीला जुंपलेला बैल. पाटीवर ‘पारंपरिक’, ‘लाकडी’, ‘लोखंडाचा स्पर्श नाही’. मुलं बैलाबरोबर फोटो काढतात. ग्लासाचा भाव साध्या रसवंतीपेक्षा जास्त. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून यावर जे लिहून येतं, ते जवळपास सगळं एकाच सुरातलं: हरवलेली परंपरा परत आली, मातीशी नाळ जुळली.

या सुराला माझी हरकत आहे, आणि ती इतिहासाची आहे. बैल आणि लाकूड ही जोडी वाटते तेवढी अलीकडची आठवण नाही. १८७०च्या दशकात बिहारमधल्या बिहिया इथं थॉमसन आणि मायलन या दोघांनी बैलांनी ओढायचा लोखंडी रुळांचा चरक काढला. तो हलका, उचलून नेता येण्याजोगा होता, रस जास्त काढायचा. शेतकऱ्यांनी तो पुढच्या काही दशकांत झपाट्यानं घेतला, आणि त्याच्यामागून इतरही लोखंडी चरक आले. आज पन्नाशी-साठीत असलेल्यांनी लहानपणी गुऱ्हाळावर बैल पाहिला असेल, तर बहुतेकांनी तो लोखंडी चरकाभोवतीच पाहिला. लाकडी रुळांचा चरक त्यांच्या आज्या-पणज्याच्या काळातच मागं पडू लागला होता. तेव्हा हायवेवरचा लाकडी चरक ही परत आलेली परंपरा नाही. दीडशे वर्षांपूर्वी मागं पडू लागलेली वस्तू नव्या गिऱ्हाइकासाठी नव्यानं घडवून घेतलेली आहे. सुतार आजचा, बेअरिंगही आजचं. बैलाचं फिरणं खरं, पण त्याच्या पाठीवर लादलेली आठवण उसनी.

म्हणजे ही फसवणूक का? तसंही मी म्हणणार नाही. रस चांगला असतो, मी पितो. मुद्दा एवढाच, की याला परंपरा न म्हणता त्याचं खरं नाव घ्यावं. हे आमचं बदक आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवण्यासाठी उभा केलेला आकार. मॉररनं सिमेंटचं केलं, यांनी जिवंत ठेवलं.

आणि ते आत्ताच का उभं राहिलं, याचं उत्तर मला काचेत सापडलं. जुना राष्ट्रीय महामार्ग ७, आता ४४, चौपदरी झाला. गाड्या वाढल्या, वेग वाढला, आणि गाडीच्या काचा बंद झाल्या. एसी लावलेल्या गाडीत घुंगरू ऐकू येत नाही. कानाचा रस्ता बंद झाला म्हणून दुकानाला डोळ्याचा रस्ता धरावा लागला. १९२०-३०च्या दशकांत कॅलिफोर्नियाच्या दुकानदारानं जो प्रश्न आकारानं सोडवला, तोच प्रश्न आमच्या दुकानदारापुढं ऐंशी-नव्वद वर्षांनी आला. त्यानं आपल्याजवळ होतं त्यातून उत्तर काढलं. आवाजामागं लपलेला बैल त्यानं पुन्हा बाहेर काढला. आधी बैल, मग बैलाचा आवाज, मग पुन्हा बैल, पण या वेळी दाखवायचा.

एके ठिकाणी तर मी असं पाहिलं, की दुपारी बैल कडेला सावलीत बांधलेला होता आणि लाकडी रूळ खालच्या मोटरवर फिरत होते. मालकाला विचारलं. तो म्हणाला, ‘‘भाऊ, बैलबी जीव हाय. उन्हात किती फिरवाचा? लोक बैल पायतेत, रस मोटरचा पेतेत.’’ पोळ्याला ज्याच्या खांद्याला आपण तूप-हळद लावतो, त्याला मे महिन्यात डांबरी रस्त्याकडेला गोल गोल फिरवताना पाहून परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांपेक्षा मला हा मालक अधिक शहाणा वाटला. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६०पासून आहे. त्याची आठवण त्या पुरवण्यांतून कुणी काढलेली मी वाचली नाही. काही ढाब्यांनी तर फायबरचा बैल आणून हा पेच कायमचा मिटवला आहे. ती मात्र शुद्ध सजवलेली शेड.

आता या सगळ्यात जी गोष्ट व्हेंच्युरी वाचताना मला बरीच वर्षं दिसली नाही, ती सांगतो. आकाराला जमीन लागते.

मॉररचं बदक त्याच्या स्वतःच्या धंद्याच्या जागेवर होतं. कॅलिफोर्नियातली संत्री मालकीच्या किंवा भाड्याच्या, पण कागद असलेल्या जागेवर उभी होती. तरीही जमिनीचा भाव वाढला, रस्ता रुंदावला, की तीही गेली. हॉटडॉगच्या दुकानाला जागा सोडावी लागली, बदकही दोनदा-तीनदा हलवलं गेलं. पण ती हलवण्यासारखी वस्तू आहे, असं कुणाला तरी वाटलं. बदकाच्या जागेवर नवं बांधकाम येणार म्हटल्यावर १९८०च्या दशकात सफोक काउंटीनं ते ताब्यात घेऊन दुसरीकडे नेलं आणि २००७मध्ये मूळच्या मळ्यावर परत आणून ठेवलं. आमच्या चौकातली टपरी हलते तेव्हा ती क्रेनच्या दाताला लटकून हलते, आणि परत आणून ठेवत नाहीत.

महामार्गाच्या हद्दीत काय उभं राहील याचा अधिकार २००२च्या राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण कायद्यानं महामार्ग प्रशासनाकडे आहे. परवानगीशिवाय उभं राहिलेलं ते अतिक्रमण. गावातल्या फेरीवाल्यासाठी २०१४चा पथविक्रेता कायदा आहे: सर्वेक्षण, समिती, प्रमाणपत्र, ठरलेली जागा. कागदावर चांगला कायदा आहे. पण ज्याला उद्या सकाळी उठवलं जाऊ शकतं, तो सिमेंटचं संत्रं बांधत नाही. तो चार बांबू, एक जाळी, चाकं लावलेला चरक एवढंच उभं करतो. संध्याकाळी गुंडाळता यावं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकता यावं. रसवंतीचं जे ‘साधेपण’ आपण कौतुकानं पाहतो, त्यात सौंदर्यदृष्टी किती आणि धास्ती किती, हे मी वेगळं काढू शकलेलो नाही. आणि म्हणूनच घुंगरू. खिशात घालून नेता येईल अशी पाटी दुसरी कोणती?

हे ताडून पाहायचं असेल तर जमीन ज्याच्या हाती आहे त्याचा आकार पाहावा. मध्य रेल्वेनं ऑक्टोबर २०२१मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर सेवेतून काढलेल्या डब्यात उपाहारगृह सुरू केलं. त्यानंतर थोड्याच महिन्यांत नागपूर स्थानकाच्या आवारात तसाच डबा उभा राहिला. रुळाच्या तुकड्यावर उभा केलेला खरा डबा, रंगवलेला, आत टेबलं, खिडकीशी बसून खायचं. भाड्याखेरीजचं उत्पन्न म्हणून रेल्वेनं ही योजना काढली. मी मुद्दाम जाऊन बसलो. गाडी सुटत नाही एवढीच उणीव. अमेरिकेत रेल्वेच्या डब्यासारखे डायनर शंभर वर्षांपूर्वीपासून आहेत, आणि त्यांचा पूर्वज १८७२च्या सुमारास प्रॉव्हिडन्स गावात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसानं उभी केलेली घोडागाडी होता, म्हणजे एका अर्थानं आपली हातगाडीच. तिथं गाडीवाल्याची इमारत झाली. आमच्याकडे गाडीवाला गाडीवरच आहे आणि डबा रेल्वेचा. गंमत अशी, की पथविक्रेता कायदा रेल्वेच्या जमिनीला लागूच नाही, तसं त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय.

ज्याला जमीन नाही, त्यानं मग आकार कुठं ठेवायचा? स्वतःच्या अंगावर. नागपूरचा डॉली चायवाला सगळ्या जगानं पाहिला. फेब्रुवारी २०२४मध्ये बिल गेट्स यांच्याबरोबरच्या चित्रफितीनंतर तर फारच. त्याची गाडी चारचौघांसारखी. केस, चष्मा, कपडे, उंचावरून पडणारी दुधाची धार हे सगळं मात्र त्याचं. त्याला उथळ म्हणून हसणारे लेख मी वाचले आहेत. मला त्यात हसण्यासारखं दिसलं नाही. हलवता येणारं दुकान असलेल्या माणसानं कुणी हलवू शकणार नाही अशा जागी पाटी लावली, इतकंच.

आता बुटीबोरीचं सांगतो. आमच्या चौकातून सरळ रस्ता हैदराबादकडे जातो, एक फाटा वर्ध्याकडे. फाट्याचं गाव म्हणजे थांब्याचं गाव; पाळी सुटली की एमआयडीसीतली माणसंही इथंच उतरायची. या चौकात एक रसवंती मी तीस वर्षांपासून पाहतो आहे. आधी बाप बसायचा, आता मुलगा बसतो. चौपदरीकरणात ती एकदा सरकली, पुलाच्या कामात दुसऱ्यांदा. मग उड्डाणपूल झाला आणि हैदराबादची गाडी चौकाच्या डोक्यावरून जाऊ लागली. पुलावरून आमचं गाव म्हणजे एक कठडा आणि काही पाण्याच्या टाक्या. ना बदक दिसेल, ना बैल.

डिसेंबर २०२४मध्ये पुलाला तडे गेले म्हणून तो बंद झाला आणि सगळी वाहतूक पुन्हा खाली आली. कोंडी, धूळ, हॉर्न. गावानं खूप शिव्या घातल्या, मीही घातल्या. रसवंतीवाला मात्र मोसमाची वाट न पाहता चरक पुसून तयार. कोंडीत गाड्या थांबत, आणि थांबलेल्या गाडीची काच खाली येते. ‘‘इतक्या वर्षांत पयल्यांदा लोकायनं गाडीतून ईचारलं, का हे कायचं वाजून रायलं?’’ तो मला सांगत होता. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि थोडी अपराधी भावनाही, कारण पूल दुरुस्त व्हावा असं गावातल्या सगळ्यांसारखं त्यालाही म्हणावं लागत होतं.

आमच्यापासून फार दूर नाही, शिवमडक्याला समृद्धी महामार्ग सुरू होतो. ७०१ किलोमीटर. शिर्डीपर्यंतचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला उघडला, शेवटचा जून २०२५मध्ये. दोन्ही बाजूंना कुंपण, ताशी १२० किलोमीटरची मुभा, दुचाकीला बंदी, आणि थांबायचं ते नेमून दिलेल्या जागीच. पहिल्यांदा त्यावरून गेलो तेव्हा वर्धा-अमरावतीच्या हद्दीत कुठं तरी कुंपणापलीकडे शेतात एक मांडव दिसला. हिरवी जाळी, दोन बाकं. रसवंतीच असावी, जुन्या गावरस्त्याच्या कडेला असेल. चरक फिरत होता का, ते त्या वेगात कळलं नाही. काच खाली केली, तर नुसता वारा आत आला.

त्या रसवंतीवाल्याला मी या लेखाचं सांगितलं, बदकाचा फोटोही दाखवला. त्यानं तो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, ‘‘याची जागा कोनाची होती?’’ मी म्हटलं, त्याचीच होती. ‘‘मंग ठीक हाय,’’ तो म्हणाला, आणि कांडं चरकात घातलं.